वाटी धरायला कोण?

वाटीइतकं बेभरवशाचं माप मराठी घरात दुसरं नसेल. आमटीची वाटी वेगळी, शिकरणाची वेगळी, देवापुढे दूधसाखर ठेवायची तर बोटाच्या पेरावर उभी राहील एवढीच. त्यात लग्नामुंजीच्या आहेरात आलेल्या, बुडाशी कुणाच्या तरी आजेसासूचं नाव कोरलेल्या वाट्यांची भर. घरात दोन डझन असतात आणि त्यांतल्या दोन एकसारख्या शोधायला गेलात तर जेवण थंड होतं. तरी ‘वाटीभर डाळ घे’ असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आणि डाळ व्यवस्थित शिजत आली. सांगणारीला आणि घेणारीला आपली नेहमीची वाटी कोणती हे ठाऊक असे, एवढ्यावर भागत होतं.

लहान मुलांच्या आहारावरच्या सरकारी पुस्तिकेची कुणाच्याच स्वयंपाकघराशी ओळख नसते. म्हणून ती २५० मिलिलिटर म्हणते.

मी असल्या पुस्तिकांची मुद्रितं तपासते. ऱ्हस्वदीर्घ बघता बघता मजकूरही वाचला जातो, आणि मजकूर वाचला की तो ज्यांच्यासाठी लिहिला त्या बायका तो कसा घेतात हे बघायची उत्सुकता वाटते. म्हणून अंगणवाडी सेविकांचं प्रशिक्षण कुठे आहे असं कळलं की मी ओळखीने मागच्या रांगेत एक खुर्ची मिळवते. मागची रांग मला शाळेपासूनच आवडते. पुढच्या रांगेत काय शिकवतात ते कळतं, मागच्या रांगेत काय शिकलं जातं ते.

वाटीचा तास मी असाच मराठवाड्यातल्या एका तालुक्याला पंचायत समितीच्या सभागृहात पाहिला. प्रशिक्षक तरुण होत्या, आहारशास्त्र शिकलेल्या, आणि हुशार. त्यांनी सगळ्या सेविकांना घरून एकेक वाटी आणायला सांगितलं होतं. टेबलावर वाट्यांची रांग लागली. मग मापाच्या भांड्याने एकेकीत पाणी ओतायला सुरुवात झाली. बहुतेक वाट्या सव्वाशे-दीडशे मिलिलिटरला काठोकाठ भरल्या. एक बिचारी नव्वदलाच सांडली. एकीने वाटी म्हणून जे भांडं आणलं होतं ते अडीचशे पिऊन वर आणखी मागत होतं. आमच्याकडे वेळेला त्यात कढी झाली असती. हॉलमध्ये हशा पिकला आणि मुद्दा कुणालाही न सांगता सगळ्यांना कळला. दीड वर्षाचं मूल एका वेळी पाऊण ते एक वाटी खाईल असं पुस्तिकेत मी स्वतः तपासून सोडलं होतं. त्यातली वाटी २५० मिलिलिटरची. घरातल्या वाटीने मोजून घातलं तर पोर जवळजवळ अर्धं उपाशी, आणि आई निश्चिंत.

पुढचं गणितही बाईंनी छान समजावलं. सहा महिने पुरे झाले की अंगावरच्या दुधाबरोबर वरचं अन्न सुरू करायचं, दोन-तीन चमच्यांपासून. नऊ महिन्यांच्या आसपास अर्धी वाटी, दिवसातून तीन-चार वेळा. लहान मुलाचं पोटच मुळी लहान, तेव्हा त्यात जे जाईल ते दाट असायला हवं. चमचा तिरका केला तर घास पटकन ओघळून पडता कामा नये. वर चमचाभर तेल किंवा तूप. आणि ते वरणाचं पाणी! आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ‘ताकदीचं’ म्हणून बाळाला वरणाच्या भांड्यातलं वरचं पाणी पाजलं जातं आणि खालचं घट्ट वरण मोठ्यांच्या पानात पडतं. डाळीतली प्रथिनं बहुतेक त्या खालच्या घट्टात राहतात, म्हणजे ताकद जावयाला आणि पाणी नातवाला. या वाक्याला टाळ्या पडल्या. दोन-तीन बायकांनी टाळ्या न वाजवता एकमेकींकडे पाहिलं. त्यांच्या घरचा जावई बहुधा नुकताच येऊन गेला असावा.

मग मागच्या रांगेतून, माझ्या शेजारच्या शेजारच्या खुर्चीवरून, एक पन्नाशीच्या सेविका उठल्या. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “मॅडम, वाटी समजली. वाटी धरायला कोण, तेवढं सांगा.”

त्यांचं गाव ऊसतोडणीला जाणारं. दिवाळी झाली की निम्मं गाव ट्रॅक्टरवर चढतं. जी आई गावात राहते ती पहाटे सहाला शेतात जाते आणि दिवे लागताना येते. बाळ सात वर्षांच्या बहिणीकडे किंवा डोळ्यांनी अधू आजीकडे. दिवसातून चार वेळा अर्धी वाटी हे ठीक, पण त्या चार वेळांपैकी तीन वेळा आई घरात नसते.

प्रशिक्षक म्हणाल्या, “खूप चांगला प्रश्न आहे. आपण शेवटी घेऊ.”

प्रशिक्षणात ज्या प्रश्नाला उत्तर नसतं तो खूप चांगला असतो आणि शेवटी घेतला जातो, हे त्या सेविकाबाईंना माझ्याहून जास्त माहीत असावं. त्या शांतपणे बसल्या आणि मला अर्धी सुपारी दिली.

अंगणवाडी सेविका म्हणजे सरकारची सगळ्यात खालची पायरी असं म्हणतात. गावातून बघितलं तर ती पहिली असते. एकात्मिक बाल विकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशभरातल्या ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली. आज एकट्या महाराष्ट्रात लाखावर अंगणवाड्या आहेत, देशात चौदा लाखांच्या घरात. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, शाळापूर्व शिक्षण, पोषण आणि आरोग्याचं शिक्षण, अशा सहा सेवा एका खोलीत, एक सेविका आणि एक मदतनीस यांच्या जिवावर चालतात. सरकार तिला पगार देत नाही, मानधन देतं. ग्रॅच्युइटीचा तिला हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते २०२२ साली. एवढ्या कामांसाठी प्रशिक्षणही तितकंच लागणार. पोषण अभियान आलं तेव्हा एकवीस भागांचा एक क्रम आखला गेला, एकेक भाग बीटच्या, म्हणजे एका पर्यवेक्षिकेखालच्या सेविकांच्या, बैठकीत घ्यायचा आणि लगेच कामात उतरवायचा असा. कल्पना चांगली आहे. थोडं शिका, करून बघा, पुन्हा या. एकवीस भाग मी तपासले असते तर माझं पोषण झालं असतं, पण ते काम दुसऱ्या कुणाला मिळालं.

दुपारी वजन-उंचीचा तास होता. त्यासाठी एक प्लास्टिकची बाहुली आणली होती. तिला झोळीत घालून काट्याला टांगायची, काटा आधी शून्यावर आहे ना बघायचं, डोळ्यांच्या रेषेत वाचायचं. बाहुली गुणी होती. रडली नाही, लाथ मारली नाही, झोळीत शू केली नाही. तिच्या कमरेला करदोटा नव्हता, पायांत वाळे नव्हते, मनगट्या नव्हत्या आणि मुख्य म्हणजे तिला आजी नव्हती. खऱ्या बाळाचं वजन करताना पहिला अडथळा काट्याचा नसतोच. आजी म्हणते, भरल्या घरातल्या लेकराला तागडीत घालू नये, दृष्ट लागते. तिथे सेविका काय करते? माझ्या रांगेतल्या बाईंनी दबक्या आवाजात सांगितलं: वजन झालं की आकडा मोठ्याने बोलायचा नाही. वहीत लिहायचा, बाळाच्या कानामागे आपणच तीट लावायची, आणि आजीला म्हणायचं, “आता लागंल कशी?” काटाही सांभाळला, आजीही. हे कोणत्याच पुस्तिकेत नाही. असतं तर मी ‘दृष्ट’ शब्दाला खूण करून समासात प्रश्नचिन्ह काढलं असतं, हेही तितकंच खरं.

उंचीच्या तासाला मला एक विलक्षण गोष्ट कळली. दोन वर्षांखालच्या मुलाला आडवं झोपवून मोजतात, दोन वर्षांवरच्याला उभं करून. आणि तेच मूल आडवं मोजलं तर उभ्यापेक्षा सुमारे ०.७ सेंटिमीटर लांब भरतं. म्हणून मूल दोन वर्षांचं झालं नसताना त्याला उभं मोजलं, तर ०.७ मिळवायचे, उलट केलं तर वजा करायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तक्त्यांत याचा हिशोब आहे. माणूस झोपला की लांब होतो हे आमच्याकडे एसटीतल्या बाकावर पहिल्यापासून माहीत आहे, पण त्याला दशांश चिन्ह लावायचं काम विज्ञानाचं. हसण्यावारी नेऊ नये, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची दर शंभरातली पस्तीस मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली, आणि कुठलं मूल रेषेच्या अलीकडे, कुठलं पलीकडे, हे अशाच पाव-अर्ध्या सेंटिमीटरवर ठरतं. उंचीच्या मानाने वजन कमी पडलेल्यांना सेविका ‘सॅम’ आणि ‘मॅम’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते कुणी कोकणात राहायला आलेलं गोरं जोडपं वाटलं होतं. सॅम म्हणजे तीव्र कुपोषित, मॅम म्हणजे मध्यम.

दंडाची पट्टी मात्र मला फार आवडली. डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, ना सैल ना आवळून. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळा, वर हिरवा. अक्षर न वाचणाऱ्या आईलाही तो रंग कळतो. मग पायांची सूज बघायची. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून धरायचा, सोडल्यावर खळगा राहिला तर मूल ताबडतोब दवाखान्यात. याचा सराव सेविकांनी एकमेकींच्या पावलांवर केला. सगळ्यांनी चपला काढल्या, आणि कधी नव्हे ते दहा मिनिटं कुणीतरी त्यांचे पाय चेपले. दोघींच्या पायांवर खळगा उमटला. “ही सूज कुपोषणाची नाही, उभं राहण्याची आहे,” त्यांतली एक म्हणाली आणि चप्पल घालून मोकळी झाली.

मध्ये जेवणाची सुट्टी झाली ते सांगायचं राहिलंच. सकाळच्या तासाला फळ्यावर लिहिलं होतं: तीन ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ५०० किलोकॅलरी, १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, वर्षाचे ३०० दिवस. आणि त्यासाठीचा ठरलेला खर्च, २०१७ च्या दराने, माणशी ८ रुपये. तालुक्याच्या टपरीवर अर्धा कप चहा १० रुपयांना मिळतो. ८ रुपयांत कडधान्याची उसळ, खिचडी, लापशी करून, गॅस आणि मीठ धरून, मुलाचं पोट भरवणाऱ्या बायांना अर्थशास्त्र कुणी शिकवायचं असा प्रश्न मला पडला. तेवढ्यात पुरी-भाजी, वरणभात आणि जिलबी आली. पुरीच्या तेलाबद्दल मी काही बोलणार नाही. प्रशिक्षणात बाहेरचं जेवण मिळतं हे त्यातलं एक आकर्षण असतं आणि असू द्यावं. मी वेगळंच पाहत होते. सकाळी याच बायकांनी एका सुरात म्हटलं होतं की गरोदर बाईने घरातल्या सगळ्यांच्या आधी जेवावं. त्यांच्यात एक सातव्या महिन्यातली होती. वाढपी पोरगा दोनदा येऊन गेला तरी ती “आधी मॅडमना वाढा, आधी साहेबांना वाढा” म्हणत होती. शेवटी सुपारीवाल्या बाईंनी तिच्या हातातलं रिकामं ताट घेतलं, भरून आणलं, आणि ती अर्धं संपवेपर्यंत समोर बसून राहिल्या. समुपदेशन वगैरे काही झालं नाही.

अंगणवाडीची मुळं मला नेहमी डहाणूकडे नेतात. ताराबाई मोडक माँटेसरी पद्धत घेऊन आधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या, मोठ्या व्यासंगाच्या बाई. १९४५ च्या सुमाराला त्यांनी बोर्डीत खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या, आणि पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारल्यांची मुलं बालवाडीत येईनात. दुसरं कुणी असतं तर मुलांच्या गैरहजेरीचा अहवाल लिहिला असता. या दोघींनी बालवाडीच उचलून पाड्यात, कुडाच्या घरासमोरच्या अंगणात नेली. महागड्या लाकडी साधनांऐवजी शिंपले, खडे, पानं, बिया घेतल्या. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरवली. मुलगी धाकट्या भावंडाला काखेत घेऊन येते, तर भावंडालाही बसू द्या. आज ज्याला सगळा देश अंगणवाडी म्हणतो त्याचा उगम तिथला. आणि तो शिकवण्याच्या हट्टातून आला नाही, मुलं का येत नाहीत हे पाड्याला विचारण्यातून आला. प्रशिक्षणाचे आराखडे बनवणाऱ्यांना एकदा कोसबाडला सहल काढून न्यावं असं मला फार वाटतं. चिकूही चांगले मिळतात तिकडे.

चहानंतर मोबाइलचा तास. पोषण ट्रॅकर नावाचं ॲप २०२१ साली आलं. वह्या कमी होतील असं वाटलं होतं. झालं असं की वह्या राहिल्या आणि मोबाइल वाढला. आता घरपोच आहाराचं पाकीट देताना बाईचा चेहरा मोबाइलला दाखवावा लागतो. जिच्या बाळंतपणाला सेविका स्वतः रिक्षा बोलावून गेली, जिच्या सासूशी ती नळावर भांडली आहे, तिला ती म्हणते, “जरा पापण्या मिटव गं, मशीनला तू ओळखू येत नाहीयेस.” घरपोच पाकिटाचं पुढे काय होतं, ते बाळाच्या तोंडात जातं की शेळीच्या, हे मात्र मोबाइल विचारत नाही. सेविकेला ते चुलीपाशी गेल्यावर वासावरून कळतं.

पावणेपाच वाजले. प्रशिक्षणपूर्व चाचणीतले प्रश्न प्रशिक्षणोत्तर चाचणीत पुन्हा आले आणि सगळ्यांची प्रगती समाधानकारक झाली. अभिप्रायाचे कागद वाटले गेले. ‘आपण काय शिकलात?’ या रकान्यात पहिल्या रांगेने जे लिहिलं ते रांगेरांगेने मागे सरकत आलं आणि आमच्यापर्यंत पोहोचेस्तोवर त्यात ‘प्रथिने’ला ऱ्हस्व थि लागली की दीर्घ एवढाच मतभेद उरला होता. मी निकाल दिला.

“काही शंका?” प्रशिक्षकांनी विचारलं. कुणाला शंका नव्हती. सव्वापाचची एसटी होती.

तेव्हा मागच्या रांगेतल्या त्याच बाई पुन्हा उठल्या. मला वाटलं, आता वाटी धरण्याचा प्रश्न उकरणार. पण त्यांनी विचारलं, “मॅडम, तुमचं लेकरू केवढंय?”

“दोन वर्षांचा आहे.”

“मग तुम्ही इथं, तर त्याला आत्ता भरवतंय कोण?”

प्रशिक्षक आधी हसल्या. मग हातातला खडू खाली ठेवून म्हणाल्या, “आई येते माझी. पण तो खातच नाही हो. मोबाइल लावल्याशिवाय तोंड उघडत नाही. मोबाइल लावला की तोंड उघडं ठेवतो आणि गिळत नाही.”

सभागृहाचा नूर एकदम पालटला. दिवसभर ज्या बायकांनी होकारार्थी मान हलवण्यापलीकडे काही केलं नव्हतं त्या खुर्च्या ओढत पुढे आल्या. एकीने सांगितलं, एकट्याला भरवूच नका, शेजारची चार पोरं बोलवा आणि पंगत बसवा. पंगतीत न जेवणारं पोरही दुसऱ्याच्या ताटाकडे बघून खातं. दुसरी म्हणाली, ताटात थोडंच वाढायचं, इतकं थोडं की त्यानेच ‘अजून’ म्हणायला पाहिजे. सारखं दूध पाजता का? मग भूक कुठून येणार, हे तिसरीचं. सातव्या महिन्यातलीने सांगितलं की तिच्या अंगणवाडीत एक मुलगा खिचडीला तोंड लावत नसे. त्याला तिने मदतनीसबाईंबरोबर वाढपी केलं, सगळ्यांना वाढून झाल्यावर तो स्वतः खायला बसतो. आजी भरवते ना, मग आजीला नियम सांगू नका, आजीला विचारा की तुमच्या मुलीला तुम्ही कसं भरवलं होतं, ती सांगता सांगता नीट भरवायला लागते. आणि ज्यांच्या आया उसाच्या फडावर जातात त्यांच्यासाठी काय करतात तेही असंच बोलण्याच्या ओघात निघालं: एका गावात सेविकेने सात-आठ वर्षांच्या बहिणींनाच दुपारी बोलावून, बाळांना मांडीवर घेऊन, भरवायला बसवलं आहे, आधी बहिणीने एक घास खायचा, मग बाळाला एक. बहिणीचंही पोट भरतं. मदतनीस खिचडी थोडी जास्तीची टाकते. ही जास्तीची खिचडी कोणत्या रजिस्टरला दाखवतात ते मी विचारलं नाही.

प्रशिक्षक वहीत लिहून घेत होत्या. त्यांनी दोनदा “थांबा, सावकाश सांगा” म्हटलं.

सव्वापाचची एसटी अर्थातच गेली. पर्यवेक्षिका मॅडमनी दोन जीपगाड्या ठरवल्या, आणि त्यांचं भाडं ‘प्रवास’ या शीर्षाखाली टाकायचं की ‘प्रशिक्षण साहित्य’ या, यावर त्यांचं आणि लिपिकाचं गेटपाशी बराच वेळ चाललं होतं.